जुनी गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, रेडिएटरचा पंखा फिरत नाही. काय काय तपासू?

शीतकडी (फोंडा)

नमस्कार मंडळी. गाडी २००५ची, पेट्रोल हॅचबॅक, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण केलेलं आहे, त्यामुळे कागदोपत्री ठणठणीत. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की 'कुठली कंपनी चांगली' यावर दोन पानं होतात आणि गाडी तशीच तापत राहते.

फोंड्याहून पणजीला निघालो की कुंडईपर्यंत काटा मधोमध असतो. भोमला गाड्यांची रांग लागली की चढायला लागतो आणि एसी चालू असेल तर थेट लाल रेषेकडे जातो. रांग सुटली, बाणस्तारीच्या पुलावर वेग मिळाला की पुन्हा जागेवर. एकदा बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर रेडिएटरमागचा पंखा चक्क स्वस्थ बसलेला.

गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकला. म्हणे, 'गोव्यात थंडी कुठे आहे, याची गरजच नाही.' फरक शून्य. आता रेडिएटर बदलायला सांगतोय. पंखाच फिरत नसेल तर नवा रेडिएटर तरी काय करणार? मल्टिमीटर घरी आहे, वापरता बऱ्यापैकी येतो. सुरुवात कुठून करू?

नुस्तेंखाऊ (म्हापसा)

विका आणि मोकळे व्हा. वीस वर्षं झाली की नाही? खाऱ्या हवेत एवढी टिकली हेच खूप.

जुनावायरमन (डिचोली)

विकायचा सल्ला फुकट असतो म्हणून सगळे देतात.

शीतकडीबाब, अर्धं निदान तुम्हीच केलंय. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, तिथे पंख्याची गरज जवळजवळ नसते. गाडी थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून 'उभी असताना तापते, पळताना निवते' याचा अर्थ पंखा, त्याची वायरिंग, नाहीतर जाळीत अडकलेला कचरा. रेडिएटर आतून चोंदलेला असता तर आधी चढावर आणि वेगातच तापली असती. त्यामुळे रेडिएटरचे पैसे तूर्त खिशात ठेवा.

आता सांगा: पंखे किती, एक की दोन? एसी लावल्यावर तो फिरतो का? फ्यूज बघितला का? आणि पंखा हाताने फिरवून पाहिला का? हात घालण्याआधी पंख्याचा प्लग काढा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही इंजिन गरम असेल तर पंखा आपणहून सुरू होतो. बोटं जायला क्षण पुरतो.

अबोली (मडगाव)

थर्मोस्टॅट आधी परत बसवून घ्या. 'गोव्यात गरज नाही' हे मी पण प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकते. थर्मोस्टॅटचा बाहेरच्या थंडीशी संबंध नाही, इंजिनाला स्वतःचं तापमान हवं असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो. तो नसला तर इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं आणि आतले भाग लवकर झिजतात. वर काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो. काढलात तर थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत इंजिनात जातं. म्हणजे तापू नये म्हणून काढला आणि त्यामुळेच जास्त तापली, असंही होतं.

खराब आहे का हे बघायचं असेल तर भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात सोडा, दोरीला बांधून. उकळीच्या आधी उघडायला हवा, काढल्यावर मिटायला हवा. स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, घरच्यांशी वाद मी मिटवणार नाही.

शीतकडी

पंखा एकच. एसी लावला तरी फिरत नाही. फ्यूज शाबूत दिसतो, तरी बदलून पाहिला, तेच. प्लग काढून हाताने फिरवला, फिरतो, पण थोडा जड वाटला. जाळीत बरीच तांबडी माती आणि किडे होते, ते धुऊन काढले.

जुनावायरमन

धुताना इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारा, साध्या नळाच्या जोराने. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर गन जवळून लावला की जाळीच्या पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद. आमच्याकडे डिचोली-साखळी पट्ट्यात खनिजाच्या धुळीने एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट अशी भरायची की दोन्ही सुटे केल्याशिवाय साफच होत नसत.

एसीवरही फिरत नाही म्हणजे तापमानाचा स्विच (पाणी तापलं की पंखा लावतो तो) सध्या बाजूला ठेवा. एसीचा हुकूम त्या स्विचमधून जात नाही. दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे दोष शोधायचा: रिले (छोट्या करंटवर चालणारा, पंख्याचा मोठा करंट जोडणारा स्विच), मोटरकडे जाणारी वायर, मोटर आणि मोटरची अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर.

इंजिन बंद, चावी ऑन. स्विचला दोन वायरी असतील तर त्याचा प्लग काढून दोन्ही टोकं तारेने जोडा. रिले 'टक' वाजला पाहिजे. एकच वायर असेल तर तो बहुधा काट्याचा सेन्सर, त्याला हात लावू नका. ज्या गाड्यांत पंखा ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) चालवतो तिथेही हे जोडाजोडीचं काम करायचं नाही. तिथे बऱ्याचदा सेन्सरचा प्लग नुसता काढला तरी ईसीयू घाबरून पंखा लावतो.

टक वाजला तर पंख्याच्या प्लगवर व्होल्ट मोजा. आणि जे येईल त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

शीतकडी

स्विच दोन वायरींचाच आहे. तार जोडली, टक वाजलं. पंख्याच्या प्लगवर १२.३ व्होल्ट, बॅटरीवर १२.५. म्हणजे वीज पोचतेय, मोटर मेली. बरोबर ना? विश्वास का ठेवायचा नाही ते कळलं नाही.

जुनावायरमन

कारण तुमचा मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. टाकी भरलेली असली आणि पाइपात गाळ बसला असला, तरी नळ बंद असताना दाब पूर्णच दाखवतो. नळ सोडल्यावर किती धार येते ते बघायचं. दहा तारांची वायर कुजून एक तार शिल्लक राहिली तरी मीटर १२ दाखवेल. पंख्याला चालताना दहा अँपिअरच्या आसपास लागतात, सुरू होताना त्याहून बरेच जास्त. ते त्या एका तारेतून जाणार कसे?

म्हणून जुना हेडलाइटचा बल्ब घ्या, ५५ किंवा ६० वॉटचा. पंख्याच्या प्लगला लावा आणि रिले चालू ठेवून बघा. पांढराशुभ्र पेटला तर वायरिंग ठीक. पिवळट पेटला तर बल्ब तसाच ठेवून मीटरची लाल पिन पंख्याच्या काळ्या वायरवर आणि काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थ खराब. मग उरलेला हिशोब पॉझिटिव्ह बाजूचा, तोही याच रीतीने.

आपल्याकडे कितीतरी गाड्यांत दोष अर्थचाच असतो. खारी दमट हवा, चार महिने पाऊस, आणि अर्थचा नट नेमका हेडलाइटच्या खाली, चाकाचं पाणी उडतं तिथे.

घाटवाट (वाळपई)

मधेच बोलतो, कारण हा धागा वाचून कोणी तापणारी गाडी घेऊन चोर्ला घाटाला निघेल. केरी सोडून चढ लागला की वेग कमी, गियर खालचा आणि इंजिन जोरात, म्हणजे वारा नाही आणि उष्णता भरपूर. तिथे मोबाइलला रेंजही कुठे असते, कुठे नसते.

काटा चढू लागला की आधी एसी बंद, मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. काचा खाली करून घाम गाळा. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता निघते. वाफ नसेल, पाणी गळत नसेल तर सुरक्षित जागी थांबून थोडा वेळ इंजिन चालू ठेवून बघा, काटा उतरू शकतो. वाफ दिसली किंवा काटा टोकाला टेकला तर मात्र लगेच बंद.

नुस्तेंखाऊ

हीटर? गोव्यात? आमच्या गाडीचे हीटरचे पाइप गळत होते म्हणून मेकॅनिकने कधीच आपापसांत जोडून टाकले. आणि एवढं नाटक कशाला, बाटलीभर गार पाणी ओतलं की निवते.

घाटवाट

कुठे ओतता? बाहेरून रेडिएटरच्या जाळीवर शिंपडलं तर ठीक, फार फायदा नाही पण नुकसानही नाही. झाकण उघडून तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलंत तर अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकू शकतं, तडाही जाऊ शकतो. मग हेड काढा, लेथवर पाठवा, गॅस्केट नवं. तेवढ्यात अर्धी गाडी येते.

नुस्तेंखाऊ

आमचे मामा आयुष्यभर ओतत आले.

घाटवाट

मामांच्या वेळच्या गाड्यांचं हेडही लोखंडी असायचं, हो.

अबोली

झाकणाचं नीटच सांगते, कारण भाजलेले हात पाहिलेत. रेडिएटरचं झाकण म्हणजे प्रेशर व्हॉल्व्ह आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमध्ये. ०.९ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आत ११० अंशांचं पाणी शांत दिसतं. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब गेला, आणि त्याच क्षणी ते सगळं उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड होज हाताने दाबून मऊ लागला पाहिजे, मग जाड फडकं टाकून हळूच.

आणि झाकणाचं रबर गेलं असेल तर दाबच धरत नाही, पाणी आधीच उकळून रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतून बाहेर पडतं. एवढीशी वस्तू, पण रेडिएटर बदलायला निघालेले लोक ती बघतच नाहीत.

शीतकडी

वायरमनबाब, साष्टांग नमस्कार. बल्ब पिवळट, मंदच पेटला. अर्थ बाजूला साडेतीन व्होल्ट! डाव्या हेडलाइटखाली नट सापडला, वायरच्या टोकाला हिरवा गंज. थोडं ओढलं तर टोक हातात आलं. नवं टोक लावलं, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, नट आवळून वर ग्रीस. आता बल्ब लख्ख.

पण पंखा जोडला तर तरीही फिरत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर ठोकलं, मग सुरू झाला. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा ठोकावं लागलं.

जुनावायरमन

दोन दोष एकत्र. ठोकल्यावर चालतो म्हणजे आतले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजले. अर्थ खराब असताना मोटर अर्ध्या जोराने धडपडत होती, त्याचाही हा परिणाम असेल. काही मोटरींचे कार्बन बदलता येतात, पण बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) पण ढिले असतील तर मोटर नवी घ्या. तुम्ही 'जड वाटला' म्हणालात, म्हणजे बहुतेक नवीच.

एक सांगून ठेवतो. जड मोटर करंट जास्त ओढते आणि फ्यूज उडवते. तेव्हा कोणी २० ऐवजी ४०चा फ्यूज टाकायला सांगितला तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा. फ्यूज वाचेल, वायर जळेल.

शीतकडी

मोटर बदलली. मूळ कंपनीची मिळाली नाही, बाजारातली बसवली. प्लग वेगळा होता म्हणून इथल्या एका इलेक्ट्रिशियनने वायरी कापून जोडल्या. थर्मोस्टॅटही नवा घातला, कूलंट भरलं. पंखा एका फटक्यात सुरू होतो, एसीवरही, बिनएसीचाही.

आणि आता ऐका. काल मडगावला गेलो. फोंड्याच्या बाजारात काटा जरा वर, पण ठीक. बोरीचा पूल ओलांडून मोकळ्या रस्त्याला ६० च्या वेगाने चाललो तर काटा चढतोय! एसी बंद केला तर थोडा उतरला. आधी वेगात निवत होती, आता वेगात तापते. डोकं फिरायची वेळ आलीय. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, 'सांगितलं होतं ना, रेडिएटर.'

अबोली

हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलेलं नाही ना, एवढं आधी बघा, कारण मधल्या काळात गाडी बऱ्याचदा तापलेली आहे. थंड इंजिन, झाकण काढून चालू करा: रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का? सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होतो का? धुरातून गोडसर वास, पांढरा धूर, कूलंट न गळता कमी होणं? ऑइलची काडी दुधाळ आहे का ते बघा. नुसतं ऑइलच्या झाकणाखाली पांढरं दिसलं तर घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तिथे दमट हवेचं पाणी जमतं.

दुसरं, कूलंट भरताना हवा अडकलेली असू शकते. गाडीचं नाक चढाकडे करून, झाकण उघडं, हीटर फुल, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा आणि पातळी उतरेल तसं भरत राहा.

घाटवाट

वॉटर पंप? वेगात तापतेय म्हणजे पाणी फिरत नाही. मी तर पंपच म्हणेन.

जुनावायरमन

थांबा, थांबा. पंपासाठी बेल्ट उतरवू नका अजून. मोटर बदलल्यानंतर लक्षण उलटं झालं. मग मोटरशीच बोलू.

शीतकडीबाब, एसी लावून पंखा चालू करा आणि बंपरसमोर उभे राहून वर्तमानपत्राचा एक कागद जाळीसमोर धरा. तुमचा पंखा रेडिएटरच्या मागे आहे, त्याने हवा आत ओढली पाहिजे. कागद जाळीला चिकटला पाहिजे.

शीतकडी

कागद उडाला. माझ्याकडे!

जुनावायरमन

वायरी उलट्या जोडल्यात. ही डीसी मोटर, प्लस-मायनस बदललं की उलटी फिरते. आवाज तोच, वारा तोच वाटतो, बॉनेट उघडून बघणाऱ्याला कळत नाही. बाजारच्या मोटरीचे वायरींचे रंग मूळ वायरिंगशी जुळतातच असं नाही आणि नुसतं रंग बघून जोडणारे खूप.

उभ्या गाडीत उलटा पंखासुद्धा इंजिनकडची गरम का होईना हवा जाळीतून ढकलतो, थोडं भागतं. वेगात मात्र समोरचा वारा आत यायला बघतो, पंखा बाहेर ढकलतो आणि मधल्यामध्ये रेडिएटरला काहीच मिळत नाही. एसी बंद केल्यावर काटा उतरला तो त्यामुळे, पंखा थांबला आणि वाऱ्याला वाट मिळाली.

अदलाबदल करा. आणि नुसतं पिळून टेप गुंडाळू नका, सोल्डर करून वर श्रिंक नळी घाला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच हिरवा गंज.

शीतकडी

वायरी बदलल्या. कागद जाळीला असा चिकटला की सुटेना. आज ऐन गर्दीच्या वेळी भोमच्या रांगेत एसी लावून बसलो. काटा मधोमध, पंखा लागतो, थांबतो, लागतो. परत येताना फर्मागुडीचा चढही एसीवरच चढलो. वायरमनबाब, देव बरें करूं. अबोलीताई, गॅस्केटच्या सगळ्या खुणा तपासल्या, काही नाही. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणाला, 'मग रेडिएटर पुढच्या वर्षी.'

नुस्तेंखाऊ

बरं, विकू नका. पण कूलंट एवढं महाग घालायचं कशाला? आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे.

अबोली

पिण्यासाठी गोड. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि गंजाला अटकाव करणारं त्यात काही नसतं. कूलंट हे थंडी नसलेल्या गावातही गंज आणि उकळबिंदूसाठी घालतात. डब्यावर 'मिसळून वापरा' असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, 'तयार' असेल तर तसंच. दोन वेगळ्या जातींची एकत्र करू नका. रंगावरून जात ठरत नाही, डब्यावरचं वाचा. आणि सांडलं तर लगेच धुवा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्यासाठी ते जीवघेणं विष आहे.

घाटवाट

एक शंका. पंख्याला डॅशबोर्डवर वेगळा स्विच लावून घेतलेला बरा ना? घाटात स्विच दगा देईल तेव्हा आपण हाताने लावू.

जुनावायरमन

लावा, पण मोटरचा करंट त्या स्विचमधून नेऊ नका. डॅशबोर्डचे छोटे स्विच तेवढ्यासाठी नसतात, वितळतात. आधी बघा की मूळ स्विच पंख्याचा रिले अर्थ देऊन लावतो की प्लस देऊन. अर्थ देत असेल तर त्या वायरला समांतर एक बारीक वायर आत आणा आणि तुमच्या स्विचने ती अर्थ करा. म्हणजे जड काम रिलेच करेल, फ्यूजही तोच राहील आणि मूळ स्विच आपलं काम आपोआप करत राहील. ईसीयूवाल्या गाडीत यातलं काही करू नका, तिथे वेगळा रिले, वेगळा फ्यूज लागतो. आणि स्विचला लाल दिवा असलेला घ्या, नाहीतर रात्रभर पंखा चालू राहून सकाळी बॅटरी झोपेल.